कोजागिरीचं दूध : पोथीपासून आपल्या गच्चीपर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीच्या प्लॉटचा, बांधकामाचा, बोअरवेलचा आणि लिफ्टचा इतिहास इतर मंडळींनी लिहिलाच आहे. कार्यकारिणीने माझ्याकडे विषय दिला तो दर आश्विन पौर्णिमेला आपल्या गच्चीवर आटवल्या जाणाऱ्या मसाला दुधाचा. कारण उघड आहे. गेल्या वार्षिक सभेत एक सूचना आली होती : "दूध आटवायची दगदग कशाला? केटररला सांगू, तो तयार दूध कागदी कपात आणून देईल." त्यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, परंपरा मोडू नका. कोणी म्हणालं, परंपरेच्या नावाखाली त्याच चार बायका दरवर्षी चुलीपाशी उभ्या राहतात, त्यांचं काय? निर्णय पुढच्या सभेवर गेला. तो होण्याआधी ही परंपरा आहे तरी केवढी जुनी, आणि तिच्यात नेमकं काय जुनं आहे, हे पाहायला हवं.

पोथीत दूध नाही

शरदातल्या पौर्णिमेला रात्रभर जागण्याची चाल फार जुनी. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त लोकांनी एकत्र येऊन साजरे करायच्या उत्सवांत 'कौमुदीजागर' येतो. हा ग्रंथ दीड हजार वर्षांहून जुना. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात तर कौमुदी महोत्सवावरूनच चंद्रगुप्त आणि चाणक्य यांचं वाजतं. राजा उत्सव करा म्हणतो, चाणक्य परस्पर बंदी घालतो. (सोसायटीत अध्यक्ष आणि सचिव यांचं कार्यक्रमावरून जमलं नाही, तर त्यालाही मोठी परंपरा आहे म्हणायची!)

पुढे या रात्रीला 'कोजागर' नाव पडलं. लक्ष्मी मध्यरात्री फिरते आणि 'को जागर्ति?' म्हणजे 'कोण जागं आहे?' असं विचारते, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण धर्मग्रंथांतल्या कोजागर व्रताचा विधी वाचला तर गंमत वाटते. लक्ष्मी आणि इंद्र यांची पूजा करावी, नारळाचं पाणी प्यावं, पोहे खावेत आणि फासे खेळत रात्र जागवावी असं तिथे सांगितलं आहे. केशर, वेलची, बदाम घातलेलं आटीव दूध हा त्या विधीचा गाभा नाही. म्हणजे आपण ज्याला कोजागिरीचा जीव समजतो ते दूध लोकांनी आपल्या सोयीने, आपल्या हवामानाने आणि आपल्या गोठ्यातल्या दुभत्याने या रात्रीत आणलं. कोकणात हीच पौर्णिमा नवान्न पौर्णिमा होते, कारण तिथे तेव्हा भात तयार होतो. ज्या मुलखात जे पिकतं, ते त्या मुलखाच्या सणात येतं.

वऱ्हाडात दूधच का?

आपल्याकडे दूध आलं त्याला शेतीचं कारण आहे. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर वितात. बांधावर हिरवा चारा असतो. आश्विनात गोठ्यात दूध वाढलेलं असतं. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख असल्यामुळे सरकी आणि ढेप यांची इथल्या जनावरांना कधी नवलाई नव्हती, आणि असं खाद्य खाणाऱ्या म्हशीचं दूध दाट. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात पूर्णाथडी नावाची म्हशीची जात आहे. रंगाने भुरकट, फिकट, काटक. बुलढाणा, अकोला, अमरावती हे तिचं घर. राष्ट्रीय पातळीवर आता तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. आपल्या आजी-आज्यांनी आटवलेलं दूध बरंचसं याच म्हशींचं असणार.

सणही इथे एकटा येत नाही. भाद्रपद पौर्णिमेला बसलेल्या भुलाबाई-भुलोजींचा मुक्काम कोजागिरीला संपतो. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, मुलींची गाणी, डब्यात लपवलेली खिरापत आणि ती ओळखण्याची चढाओढ, आणि शेवटी दूध. पहिल्या अपत्याला ओवाळायचं, त्याची 'आश्विनी' करायची, तीही याच रात्री. आणि खामगावकरांना तर सांगायलाच नको. बाकी महाराष्ट्रात नवरात्र संपून देवी उठलेली असते, तेव्हा आपल्याकडे कोजागिरीपासून मोठ्या देवीचा शांती उत्सव सुरू होतो. त्यामुळे या गावात कोजागिरी ही सणांची अखेर नसून नव्या सणाची सुरुवात असते.

गंजात किती मुलूख उतरले

दुधाचा गंज चुलीवर चढला की त्यात काय काय पडतं ते एकदा भूगोलाच्या डोळ्यांनी पाहा. वेलची सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची, केरळ-कर्नाटकातल्या डोंगरांतली. केशर काश्मीरच्या पांपोरचं. पिस्ता इराण-अफगाणिस्तानकडचा. जायफळ मूळचं आज इंडोनेशियात असलेल्या बांदा बेटांचं. त्याच्या व्यापाराच्या मक्त्यासाठी डचांनी 1621 साली त्या बेटांवर भयंकर कत्तल केली. आज जायफळ कोकणात आणि केरळात पिकतं. या सगळ्यात घरची म्हणावी अशी एकच वस्तू, चारोळी. ती सातपुड्याच्या जंगलातली. आपल्या जळगाव जामोद-संग्रामपूरच्या वर जो डोंगर दिसतो, त्याच रांगेतली. उन्हाळ्यात फळं गोळा करून, फोडून हा दाणा निघतो. तेव्हा चारोळी महाग म्हणून कुरकुर करताना तो वेचणाऱ्या आदिवासी बायांचे कष्ट आठवावेत.

हा परका माल वऱ्हाडात सहज मिळू लागला त्यात रेल्वेचा वाटा मोठा. कापसाच्या ओढीने इंग्रजांनी 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा आणला. कापूस मुंबईला जाऊ लागला आणि परतीच्या डब्यांतून मुंबईच्या बाजारातला किराणा इथे येऊ लागला. तरीही केशर-पिस्ता बरीच वर्षं सावकाराच्या आणि कापूस व्यापाऱ्याच्या वाड्यापुरताच होता. सामान्य घरात कोजागिरीचं दूध म्हणजे दूध, साखर, आणि असलीच तर वेलची. 1972 च्या दुष्काळात तर अनेक घरांत तेवढंही नव्हतं. रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं आजही आपल्यात आहेत. त्या पिढीला बदाम-पिस्त्याच्या दुधाची परंपरा सांगायला गेलं, तर ती फक्त हसेल.

चहाच्या आधीची रात्र

आज पाहुणा आला की चहा. पण चहा आपल्या घरात आला त्याला फार तर चार-पाच पिढ्या झाल्या. 1903 साली चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून देशभर चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वे स्टेशनांवर, बाजारात, गिरण्यांत चहा पोहोचला आणि दूध हे चहात घालायची वस्तू बनलं. जागायचं तर चहा, ही सवयही तेव्हाचीच. चहा-कॉफीतलं कॅफिन झोप उडवतं, हे खरं. कोजागिरीच्या दुधात ते नाही. उलट गरम दूध आणि जायफळ यांनी झोप येते असं आपण मानतो. मग जागरणाच्या रात्री हे पेय कसं? उत्तर सोपं आहे. ही रात्र पेयाने जागवायची नसते, माणसांनी जागवायची असते. आणि कॅफिन नसल्यामुळेच तीन वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या हातात एकच पेला देता येतो. चहाच्या बाबतीत ते जमत नाही.

आपली गच्ची

पंचवीस वर्षांपूर्वी पहिली कोजागिरी झाली तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते. कंपाउंड भिंत नव्हती, पाणी टँकरचं होतं. वर्गणी काढण्याइतकी ओळखही नव्हती. म्हणून ठरलं की प्रत्येक घराने आपापल्या घरून एक लोटा दूध आणायचं. तीन विटांची चूल, खाली पऱ्हाटी, वर कुणाच्या तरी लग्नातला पितळी गंज. एका घरचं म्हशीचं, एका घरचं गायीचं, एका घरचं पिशवीचं. सगळं एकात. सहकार या शब्दाचा अर्थ उपविधींच्या पुस्तकापेक्षा त्या गंजात लवकर कळला.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्याच पद्धतीने सगळं दूध नासलं. कुणाचं तरी सकाळचं, न तापवलेलं दूध त्यात पडलं होतं. कुणाचं, ते शोधायचं नाही, असं तिथल्या तिथे ठरलं. नासलेल्या दुधाला फडक्यात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी कलाकंद वाटला. तेव्हापासून नियम झाला : आधी प्रत्येकाचं दूध वेगळं तापवायचं, मग एकत्र करायचं. पुढे वर्गणी आली, एकाच गवळीदादांकडून दूध यायला लागलं, पऱ्हाटीच्या जागी गॅसची शेगडी आली. वरच्या मजल्यावरच्या एक आजी खुर्चीत बसून हुकूम सोडायच्या, "खालून हालवा वो, दूध लागून रायलं!" त्या आता नाहीत, पण दूध ढवळताना ते वाक्य कुणीतरी म्हणतंच.

2020 च्या कोजागिरीला कोरोनामुळे गच्ची बंद होती. प्रत्येकजण आपापल्या गॅलरीत पेला घेऊन उभा राहिला आणि समोरच्या विंगला हात केला. त्या वर्षी दूध सगळ्यांच्या घरी होतं, तरी कोजागिरी झाली असं कुणालाच वाटलं नाही. मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार त्या एका रात्रीत आहे. पोथीत नारळपाणी होतं, आपण दूध आणलं. दूध घरच्या म्हशीचं होतं, ते पिशवीचं झालं. चुलीची शेगडी झाली. हे सगळं बदललं तरी बिघडलं नाही. बदललं नाही ते एवढंच : दूध आटायला दीड तास लागतो आणि तेवढा वेळ माणसं एका जागी बसतात. नवीन भाडेकरूंची ओळख त्या दीड तासात होते. पार्किंगवरून वर्षभर न बोलणारे दोघं एका गंजाला आळीपाळीने ढवळताना मी पाहिले आहेत. तयार दूध कपात आलं तर ते पाच मिनिटांत संपेल आणि सव्वानऊला गच्ची रिकामी होईल.

मात्र त्याच चार बायका उभ्या राहतात, हा सभेतला मुद्दा शंभर टक्के खरा आहे. परंपरा टिकवायची तर तिचं ओझं वाटून घ्यावं लागेल. माझी सूचना अशी की यंदा ढवळायची पाळी मजल्यावार लावावी, प्रत्येक मजल्याला पंधरा मिनिटं, आणि त्यात पुरुषांनी आधी नाव द्यावं. हाउजीचे आकडे ओरडायला जेवढा उत्साह असतो, तेवढा सराट्यालाही दाखवावा.

शंभर माणसांचं प्रमाण

दरवर्षी अंदाजाने होतं आणि दरवर्षी वाद होतो, म्हणून इथे छापून ठेवतो. माणशी दीडशे मिली धरलं तर शंभर जणांना 15 लिटर तयार दूध लागतं. त्यासाठी 20 लिटर म्हशीचं दूध घ्यावं आणि दोन जाड बुडाच्या भांड्यांत निम्मं निम्मं तापत ठेवावं. भांडं काठोकाठ भरू नये, दूध वर येतं. उकळी आली की आच मंद करावी आणि तळापासून हलवत राहावं. कडेला जमणारी साय परत दुधात ढकलावी, दाटपणा तिच्यातच असतो. पाव भाग आटलं की सव्वा किलो साखर घालावी. साखर आधी घातली तर दूध लवकर लागतं. बदाम पाव किलो, पिस्ते आणि चारोळी दीडशे दीडशे ग्रॅम. यातले निम्मे बदाम भरड कुटावेत, बाकीच्यांचे काप करावेत. वेलची पंचवीस ग्रॅम, जायफळ दोन लहान, किसून. जायफळ बेतानेच, जास्त झालं तर दूध कडवट होतं आणि प्रकृतीलाही बरं नाही. केशर दोन ग्रॅम, आधी कोमट दुधात भिजवून. वेलची, जायफळ आणि केशर गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी घालावं, म्हणजे वास उडून जात नाही.

साखर घालण्याआधी दोन लिटर दूध वेगळं काढून ठेवावं. आपल्या सोसायटीत मधुमेह असलेली मंडळी आता कमी नाहीत आणि सणाच्या रात्री त्यांनी नुसतं बघत बसू नये. ज्यांना दूधच पचत नाही त्यांच्यासाठी नारळपाणी ठेवावं. पोथीप्रमाणे खरी कोजागिरी त्यांचीच! चंद्राचं प्रतिबिंब एका वाटीत जरूर पाहावं, पण गंज झाकलेला असावा. तासन् तास उघडं राहिलेलं दूध पिऊ नये.

आणि पहिला पेला गेटवर न्यावा. लक्ष्मी 'कोण जागं आहे?' असं विचारत आली, तर या पंचवीस वर्षांत रोज रात्री खरोखर जागा राहिलेला माणूस तिला तिथे भेटेल, आपला वॉचमन. त्याच्यानंतर आपण सगळे. येत्या सभेत दुधाचा विषय निघेल तेव्हा खर्चासोबत हेही लक्षात घ्यावं, एवढीच सर्व सभासदांना विनंती.