जून 1994 आणि मुलीचा हिस्सा

आपली दहावीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. त्याच महिन्यात, 22 जून 1994 रोजी, महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. हिंदू वारसा कायद्यातील राज्याच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्कही त्याच दिवसापासून मिळाला. मुख्यमंत्री होते बारामतीचे शरद पवार. त्यांच्या मातोश्री शारदाबाई पुण्याच्या सेवासदनात शिकल्या आणि 1938 मध्ये जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. शिकलेली बाई सभेत बसते हे आपल्या भागाने तेव्हाच पाहिले होते.

नव्या कायद्यात एक मेख होती. त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नव्हता. एकाच घरात थोरली वगळली गेली, धाकटी हिस्सेदार झाली. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने ही अट गेली. त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले.

बारामती-इंदापुरात या हक्काला विशेष वजन आहे. नीरा डाव्या कालव्याने जमिनीला पाणी दिले, पाण्याने ऊस आणि उसाने साखर कारखाने आणले. कारखान्याचे ऊस उत्पादक सभासदत्व जमिनीशी जोडलेले. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसेल, तर उसात राबूनही बाईला कारखान्याच्या निवडणुकीत मत नाही. ग्रामपंचायतीत 1993 नंतर एकतृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. शेताच्या बांधावर मात्र असे आरक्षण नाही.

नागरिकशास्त्रात आपण मूलभूत हक्क पाठ केले, गुणही मिळवले. पण वारसनोंद आणि हक्कसोडपत्र यांतला फरक कोणी शिकवला नाही. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीत मुलीचे नाव लागते. पुढे "सही कर, माहेर तुटायला नको" असे म्हटले जाते आणि हिस्सा एका सहीने जातो. सही करणे न करणे तिची मर्जी. पण हक्कसोडपत्र सक्तीचे नाही, हे ठाऊक नसेल तर ती मर्जी कसली?

म्हणून मेळाव्यातील वर्गमित्रांना आणि मैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. शाळेला भेटवस्तू देऊच. सोबत दरवर्षी दहावीच्या मुलामुलींसाठी एक तास घेऊ. खरा सातबारा आणि फेरफार फळ्यावर मांडून वाचू. त्या तासाला मुलगे हवेतच. उद्या बहिणीपुढे कागद ठेवणारे हात त्यांचेच असतील.