शाळेची खोली आणि शाळेची ओसरी

कोकणातील गावशाळा बहुधा एकाच खोलीची असे. एक शिक्षक, एक फळा, भिंतीवरचा नकाशा आणि समोर सर्व इयत्तांची मुले. अशा शाळेचा इतिहास लिहिताना त्या खोलीत कोण शिकले एवढेच पाहून भागत नाही. खोलीबाहेर कोणाला बसविले, हेही पाहावे लागते. सिंधुदुर्गातील नांदगाव आणि उत्तरेकडील दापोली ही आज दोन जिल्ह्यांत असली, तरी 1981 पर्यंत दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यात होती. या जुन्या जिल्ह्यात शाळेच्या दारासाठी जो झगडा झाला, त्याची स्पष्ट नोंद दापोलीची आहे.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. ते प्रकरण वरपर्यंत गेले आणि सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, हे तत्त्व 1858 साली मान्य झाले. तथापि खेड्यातील शाळा पुष्कळदा देवळात वा धर्मशाळेत भरे. जेथे देऊळच बंद, तेथे शाळा उघडी कशी राहणार?

दापोलीत पलटणीतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. पलटणीत सैनिकांच्या मुलांनाही शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ तर लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. 1886 साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच परिसरात अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवीत होते. शाळा म्हणजे काय हे या माणसांना ठाऊक होते. म्हणूनच 1890 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दया न मागता अर्ज केला, आणि तोही कराच्या पैशावर चालणाऱ्या शाळेसाठी. मुलांना जागा मिळाली ती ओसरीवर.

ओसरी ही तडजोड वाटेल. वस्तुतः ती नकाराचीच दुसरी रीत होती. फळा आत, शिक्षक आत. पाटी तपासायची तर विटाळाची भीती. हजेरीपटावर नाव लागे, विद्या मात्र उंबरठ्यापाशी अडे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या बाल भीमरावांनाही बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळांचाही हक्क पुन्हा सांगितला. पासष्ट वर्षांपूर्वी मान्य झालेले तत्त्व पुन्हा सांगावे लागले, यातच कागद आणि गाव यांतील अंतर दिसते.

ओसरीवरून खोलीत येण्यास आपल्या समाजाला पिढ्या लागल्या. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना शासनाने पुढे आणली. डोंगराळ, विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात असा निर्णय होताना, दूरची शाळा प्रथम कोणाच्या मुलीला सोडावी लागेल, हा प्रश्न गावाच्या ग्रामसभेत आपणच विचारला पाहिजे. दापोलीच्या निवृत्त सैनिकांनी तो अर्ज लिहून विचारला होता.