दुरुस्त केलेला मसुदा स्क्रीन रीडरने कसा तपासावा? वाराणसीत सरकारी नोकरी करणाऱ्या दृष्टिबाधितांसाठी माहिती

दुरुस्त केलेला मसुदा सहीसाठी आला की त्यात नेमके काय बदलले, हे तुम्हाला स्वतःला कळले पाहिजे. समजा, १५ दिवसांची मुदत खोडून ३० केली आहे. बदलांची सूचना बंद असेल, तर तुम्हाला ‘पंधरा तीस दिवस’ असे सलग ऐकू येईल.

बदल कसे ऐकावेत?

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. वर्डमध्ये पुढीलप्रमाणे करा:

१. इन्सर्ट + कंट्रोल + डी दाबा. ‘एडिटर रिव्हिजन्स’ आणि ‘कॉमेंट्स’ यांवर खूण करा. आता घातलेला आणि वगळलेला मजकूर वेगळा सांगितला जाईल.
२. इन्सर्ट + एफ ७ दाबा. ‘अ‍ॅनोटेशन्स’ निवडल्यास सर्व बदलांची यादी मिळेल.
३. बदलावर शिफ्ट + एफ १० दाबून तो स्वीकारा किंवा नाकारा.
४. ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकायला सारखेच वाटतात. शंका आल्यास बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐका.

सहकाऱ्यांना काय सांगावे?

• दुरुस्ती ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू करूनच करावी. फक्त लाल रंग दिलेला बदल ऐकताना सहज कळत नाही.
• मजकूर युनिकोडमध्ये असावा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर निरर्थक अक्षरांसारखा वाचला जातो.
• हाताने दुरुस्त केलेल्या कागदाचा फोटो पाठवू नये.

हा तुमचा हक्क आहे का?

होय. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय पुरवणे बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

सोय मिळाली नाही तर?

कलम २३ नुसार तुमच्या कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. काशी हिंदू विद्यापीठ, बनारस रेल्वे इंजिन कारखाना अशा केंद्रीय आस्थापनांबाबत दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे, तर उत्तर प्रदेश शासनाच्या कार्यालयांबाबत लखनौ येथील राज्य आयुक्तांकडेही दाद मागता येते. तुम्ही मूळचे महाराष्ट्राचे असलात, तरी अशी तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पाठवू नका. तुमची नोकरी कोणत्या शासनाकडे आहे, ते पाहा.