पाच बिंदू, एक रेषा आणि एक लॅटिन काव्य

दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेचे समीकरण मांडणे हा शालेय बीजगणिताचा भाग आहे. बिंदू पाच असले आणि ते एका रेषेत बसत नसले, तर कोणती रेषा खरी मानावी? अठराव्या शतकात हा प्रश्न पृथ्वीच्या आकारातून उपस्थित झाला. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल, तर याम्योत्तराच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे वाढत जावी, आणि ही वाढ अक्षांशाच्या साइनच्या वर्गाशी जवळजवळ रेषीय असावी.

रगुसा (आजचे दुब्रॉव्हनिक) येथील जेझुइट गणितज्ञ रॉजर बॉस्कोविच याच्यापुढे पाच मापने होती : कीटो ५६,७५१ त्वाझ, केप ऑफ गुड होप ५७,०३७, रोम ५६,९७९, पॅरिस ५७,०७४ आणि लॅपलंड ५७,४२२. रोमचे माप त्याने क्रिस्तोफर मेअर याच्यासह स्वतःच घेतले होते. पाच बिंदूंच्या दहा जोड्या होतात. १७५५च्या ग्रंथात त्याने त्या दहाही तपासल्या. निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. केप-रोम ही जोडी तर पृथ्वी ध्रुवांकडे लांबट ठरवी. (केपजवळच्या डोंगरांच्या आकर्षणाने ओळंबा ढळला असावा, हा तर्क पुढे जॉर्ज एव्हरेस्टने केला, भारताचा सर्व्हेअर जनरल झाला तो हाच.)

१७५७मध्ये बॉस्कोविचने दोन अटी घातल्या : धन व ऋण चुकांची बेरीज समान असावी, आणि चिन्ह न पाहता केलेली एकूण बेरीज किमान असावी. पहिल्या अटीने रेषा पाचही बिंदूंच्या गुरुत्वमध्यातून जाते. दुसरीसाठी ती त्या मध्याभोवती फिरवत न्यावी, म्हणजे ती एखाद्या मोजलेल्या बिंदूवर येऊन ठरते. रेषा अखेर दोन बिंदूंतूनच गेली, मात्र त्यांतला एक कोणीही मोजलेला नव्हता. एकेका मापनावरचा विश्वास येथे सर्व मापनांच्या समूहाकडे वळला, आणि हे स्थित्यंतर कोणत्याही समीकरणापेक्षा मोठे म्हणावे लागेल.

रीतीचे सविस्तर विवेचन १७६०मध्ये प्रसिद्ध झाले, ते बेनेडिक्ट स्टे या रगुसाच्याच कवीने नव्या तत्त्वज्ञानावर रचलेल्या लॅटिन काव्याच्या गद्य पुरवणीत. पद्यात सिद्धान्त आणि गद्यात उपपत्ती ही विभागणी भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या व त्यावरील त्यांच्याच वासनाभाष्याच्या वाचकाला अपरिचित वाटू नये. तेथे मात्र कवी आणि भाष्यकार एकच होते. स्टेच्या ग्रंथाचे वाचक दुभंगले. काव्येतिहासाने पुरवण्या ओलांडल्या, गणितेतिहासाने पद्य. १७५५च्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद १७७०मध्ये निघाला, तेव्हा ही रीत त्यात टीप म्हणून आली. पुढे लाप्लासने बॉस्कोविचचे नाव घेऊन तिला बैजिक रूप दिले. काव्य लॅटिनमध्येच राहिले.