इन्शुलिननंतरचा प्रश्न

टोरांटोची गोष्ट आपणांपैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बॅन्टिंग हा तरुण शस्त्रवैद्य व त्याचा साहाय्यक चार्ल्स बेस्ट हे दोघे प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढण्याच्या खटपटीस लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला. साखर फारशी उतरली नाही, उलट टोचल्या जागी गळू मात्र झाले. मग रसायनज्ञ कॉलिप याने अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला गेला आणि मरणाच्या दारातला मुलगा परत आला. पुढल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा येथे संपवण्याची आपल्याला सवय आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आज मला सांगायचे आहे ते ह्याच्या पुढचे. औषध हाती आल्यावर ते कसे वापरावे हे ठरवायला माणसांना आणखी ७१ वर्षे लागली, ही हकीकत त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे.

इन्शुलिनपूर्वी लहान वयात मधुमेह जडला म्हणजे आयुष्य वर्षा-दोन वर्षांचे. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपासाचा उपचार तेवढा होता. अन्न इतके तोडायचे की लघवीतली साखर नाहीशी व्हावी. मूल काही महिने अधिक जगे, पण हाडांचा सापळा होऊन जगे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ अशीच १९१९ पासून उपाशी राहत होती. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला बॅन्टिंगकडे नेले तेव्हा वजन ४५ पौंडांच्या आसपास होते, वय १४. ती पुढे १९८१ पर्यंत जगली.

अशी मुले जगू लागली, मोठी झाली, त्यांची लग्ने झाली. आणि मग पंधरा-वीस वर्षांनी एक निराळेच संकट दिसू लागले. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होऊन दृष्टी जाई. मूत्रपिंडे निकामी होत. पायांची संवेदना जाई, जखम कळत नसे, आणि शेवटी पाय कापावा लागे. पूर्वी ह्या गोष्टी तरुण रुग्णांत दिसत नव्हत्या, कारण तेथवर पोचण्याइतके कोणी जगतच नव्हते. १९३६ साली किमेलस्टील व विल्सन ह्या दोघांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांतील विशिष्ट गाठींचे वर्णन केले, तेव्हा हे केवळ म्हातारपण नव्हे हे ध्यानी आले.

आता प्रश्न असा उभा राहिला: हे सारे वाढलेल्या साखरेमुळे होते, की मधुमेह नावाच्या रोगाचाच तो दुसरा, स्वतंत्र भाग आहे? पहिले खरे असेल तर साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवून डोळे वाचतील. दुसरे खरे असेल तर रुग्णाला पथ्याच्या आणि सुयांच्या तुरुंगात डांबून काही साधणार नाही. त्याने जमेल तितके सुखाने जगावे हेच बरे.

दोन्ही बाजूंना मोठी माणसे होती. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन हे शिस्तीचे कट्टर पुरस्कर्ते. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे, आणि लगाम रुग्णाच्या हाती, असे त्यांचे चित्र असे. दीर्घकाळ रोग वागवूनही निर्व्यंग राहिलेल्या रुग्णांना ते पदके देत. उलट न्यूयॉर्कचे डॉ. एडवर्ड टॉल्स्टॉय १९४० नंतरच्या दशकात सांगत होते की, वजन टिकून आहे, तहान-थकवा नाही, लघवीत ॲसिटोन नाही, एवढे झाले म्हणजे पुरे. साखर खुशाल जाऊ द्या, जेवण इतरांसारखे जेवा. एकाच रोगाचा रुग्ण बोस्टनला गेला तर त्याला तराजू घेऊन भाकरी तोलावी लागे आणि न्यूयॉर्कला गेला तर तो पंक्तीत बसून जेवे. मला टॉल्स्टॉयांना दोष देववत नाही. पुरावा नसताना एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचे सारे बालपण शिस्तीत घालवावे काय, हा त्यांचा प्रश्न अगदी माणुसकीचा होता.

जोस्लिन म्हणत, माझे शिस्तीचे रुग्ण पाहा, त्यांचे डोळे चांगले आहेत. टीकाकार म्हणत, ज्यांचा रोग मुळात सौम्य त्यांनाच शिस्त पाळता येते. डोळे वाचले ते शिस्तीने की सौम्यपणाने हे तुम्ही कसे सांगाल? बेल्जमचे डॉ. पिरार यांनी १९४७ ते १९७३ पर्यंत ४,४०० रुग्णांचा मागोवा घेतला आणि साखर जितकी जास्त तितके उपद्रव जास्त असे दाखवले. कष्ट अपार, पण आक्षेप तोच. त्याला एकच उत्तर होते. रुग्णाने किंवा डॉक्टराने निवड करायची नाही. चिठ्ठी टाकून अर्ध्यांना एक उपचार, अर्ध्यांना दुसरा द्यायचा, आणि वर्षानुवर्षे थांबायचे. अमेरिकेत १९६१ साली तसा एक प्रयोग सुरू झालाही, पण तो प्रौढ वयातील मधुमेहावर होता. १९७० मध्ये त्यातून निघाले ते टॉल्ब्युटामाइड ह्या गोळीने हृदयविकाराचे मृत्यू वाढतात की काय हे नवेच भांडण. ते न्यायालयापर्यंत गेले, आणि मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

पण प्रयोग करायचा तरी कसा? काटेकोर नियंत्रण म्हणावे तर साखर मोजायची कशाने? त्या काळी घरी लघवी तपासत. आपल्याकडेही कित्येक घरांत देवळीत स्पिरिटचा दिवा आणि काचनळी असे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात आठ थेंब लघवी टाकून उकळायची. निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, आणि शेवटी विटकरी झाला की घरात सर्वांचे चेहरे उतरत. ही परीक्षा कामाची खरी, पण ती शिळी बातमी देई. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, आणि तीही काही तासांपूर्वीची. साखर धोक्याच्या खाली घसरत असेल तर नळी निळीच दिसते. बेशुद्धीच्या काठावरचा माणूस आणि उत्तम प्रकृतीचा माणूस ह्यांची नळी एकसारखी!

ही अडचण सुटली ती काही अंशी एका रुग्णाच्या हट्टाने. रिचर्ड बर्नस्टाइन हे अभियंते. १९४६ पासून, म्हणजे वयाच्या १२ व्या वर्षापासून त्यांना मधुमेह. तिशी उलटेपर्यंत शरीर पोखरत आलेले. १९६९ साली त्यांनी रक्तातील साखर थेंबभर रक्तावर मोजणाऱ्या एका नव्या यंत्राची जाहिरात पाहिली. वजन तीन पौंड, किंमत सुमारे ६५० डॉलर. हे यंत्र रुग्णाला विकत नसत. पण बर्नस्टाइन यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावे त्यांनी ते घेतले. दिवसातून अनेकदा बोट टोचून ते स्वतःच्या साखरेचा आलेख काढू लागले, इन्शुलिनचे डोस लहान करून वाटू लागले, आणि प्रकृती सुधारली. त्यांनी लेख लिहिला. वैद्यकीय नियतकालिकांनी तो परत पाठवला. तेव्हा ह्या गृहस्थाने वयाच्या ४५ व्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९८३ मध्ये पदवी घेतली. पुढे दवाखाना काढला तो मधुमेह्यांसाठीच.

दुसरे साधन इराणच्या एका शास्त्रज्ञाकडून आले. सॅम्युएल राहबर यांना १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये मधुमेह्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक निराळा प्रकार अधिक आढळला. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून चिकटलेल्या साखरेचे प्रमाण पाहिले की मागल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी कडक उपास करून डॉक्टरांना चकवण्याची सोय त्यामुळे गेली. वाण्याच्या खतावणीसारखा हा हिशेब. एका दिवसाच्या रोखीने तो बदलत नाही.

अशी दोन्ही साधने जुळल्यावर १९८३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे मोठा प्रयोग उभा राहिला. केंद्रे २९, स्वेच्छेने आलेले रुग्ण १,४४१, वय १३ ते ३९, सर्व इन्शुलिनवर अवलंबून असलेले. चिठ्ठीने दोन गट पाडले. एका गटाने नेहमीप्रमाणे दिवसातून एक-दोन वेळा इन्शुलिन घ्यायचे आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे यायचे. दुसऱ्याने तीन किंवा अधिक वेळा टोचायचे अथवा पंप बाळगायचा, दिवसातून निदान चार वेळा बोट टोचून साखर पाहायची, दरमहा यायचे, मध्यंतरी दूरध्वनीवर बोलायचे. परिचारिका, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ हे डॉक्टरांच्या बरोबरीने कामाला होते. किंबहुना औषधाइतकाच हा माणसांचा ताफा म्हणजेच तो उपचार होता असे मला वाटते. पहिल्या गटाच्या हिमोग्लोबिनचा आकडा फारच वर गेल्याखेरीज त्यांच्या डॉक्टरांनाही कळू दिला जात नसे. सरासरी साडेसहा वर्षे हे चालले, आणि ९९ टक्के लोक शेवटपर्यंत टिकले. चार वेळा बोट टोचण्याचा हिशेब साडेसहा वर्षांचा करून पाहा, म्हणजे साडेनऊ हजारांच्या घरातला आकडा येईल.

निकाल इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्याहून सुमारे वर्षभर आधीच थांबवण्यात आला. १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरासरी हिमोग्लोबिन एका गटात ७ टक्क्यांच्या जवळ, दुसऱ्यात ९ च्या. आरंभी ज्यांचे डोळे निर्दोष होते त्यांच्यात नेत्रविकार जडण्याचा धोका कडक उपचाराने ७६ टक्क्यांनी उतरला. मज्जातंतूंचा विकार ६० टक्क्यांनी. मूत्रपिंडांनाही लाभ झाला. जोस्लिन १९६२ मध्येच वारले होते. त्यांचे म्हणणे खरे ठरलेले त्यांना पाहता आले नाही. मात्र किंमतही लिहिली पाहिजे. दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर घसरण्याचे प्रसंग १०० रुग्णवर्षांमागे पहिल्या गटात १९, तर कडक उपचाराच्या गटात ६२ झाले. टॉल्स्टॉय यांची धास्ती अगदीच निराधार नव्हती.

आपल्या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांचा प्रकार बहुधा दुसरा, उतारवयात येणारा. त्याच्यासाठी ऑक्सफर्डच्या डॉ. रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये ५,१०२ नवे रुग्ण घेऊन काम मांडले आणि १९९८ मध्ये निकाल सांगितला: बारीक रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी कमी, आणि रक्तदाब नीट आवरला तर पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी. रक्तदाबाची ही बाब आमच्याकडे अजून नीट रुजलेली नाही. साखरेचा कागद घेऊन फिरणारा माणूस रक्तदाब विचारला की गप्प होतो. शिस्तीलाही मर्यादा आहे हे २००८ साली कळले. वयस्क, हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांवरील अमेरिकन-कॅनेडियन प्रयोगात हिमोग्लोबिन ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न मृत्यू वाढू लागल्यामुळे थांबवावा लागला. २५७ विरुद्ध २०३ असे ते आकडे होते.

त्या १,४४१ जणांचे पुढे काय झाले? १९९३ नंतर नेहमीचा उपचार घेणाऱ्या गटालाही कडक उपचार शिकवण्यात आला, आणि १९९४ पासून त्यांतल्या बहुतेकांची पाहणी पुढे चालू राहिली. थोड्याच वर्षांत दोन्ही गटांचा आकडा ८ च्या आसपास येऊन मिळाला. आता त्यांच्यात औषधाने काही भेद उरला नव्हता. तरीही २००५ मध्ये पाहिले तेव्हा ज्यांच्या नावे १९८० नंतरच्या दशकात कडक उपचाराची चिठ्ठी निघाली होती, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे येणारा मृत्यू हे सारे मिळून ५७ टक्क्यांनी कमी होते.