लाकडी घोडा आणि मिठाची पोती

दौलताबादचा किल्ला पाहून आलेला आपल्याकडील मनुष्य दोन गोष्टी हटकून सांगतो: एक मेंढा तोफेची आणि दुसरी अंधारीची. वाटाड्या मशाल विझवितो, अंधारात पाऊल कोठे पडते ते कळेनासे होते आणि शत्रू येथे कसा चुकत असेल याची कल्पना येऊन अंगावर काटा उभा राहतो. शत्रूस फसविण्याबद्दल ज्या स्थळाची एवढी ख्याती, ते स्थळ १२९६ साली स्वतःच फसले. त्या फसण्याची हकिकत आज सांगावयाची आहे. परंतु तिच्याकडे जाण्यापूर्वी थोडी दूरची वाट धरावी लागेल. ती वाट ग्रीक लोकांच्या देशातून जाते.

ट्रॉय नगरीला ग्रीकांनी दहा वर्षे वेढा घातला आणि शेवटी ती लाकडी घोड्याने घेतली, एवढे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुष्कळांची समजूत अशी की, ही कथा होमरच्या इलियडमध्ये आहे. ती तेथे नाही. इलियड हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपते. घोड्याचा उल्लेख ओडिसीमध्ये येतो, आणि सविस्तर वर्णन येते ते कित्येक शतकांनंतर, व्हर्जिल या रोमन कवीच्या ईनीडमध्ये. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्रीक कवीच्या लेखी ओडिसियस हा युक्तिवान वीर. रोमन लोक स्वतःस ट्रॉयवासीयांचे वंशज म्हणविणारे, म्हणून व्हर्जिलच्या लेखी तोच मनुष्य कपटी. घोडा एकच, परंतु तटाच्या कोणत्या बाजूस उभे राहून पाहावे यावर त्याचे नाव ठरते.

आमच्या मते त्या कथेतील खरे हत्यार घोडा नव्हेच. ते हत्यार म्हणजे सायनन नावाचा एक मनुष्य. ग्रीकांनी तळ उठविला, गलबते टेनेडॉस बेटाआड लपविली आणि याला मागे ठेविले. तो ट्रॉयच्या लोकांसमोर रडला. ओडिसियस माझा वैरी आहे, मला बळी देणार होते, मी पळालो, असे त्याने सांगितले. आपल्याच माणसांशी वैर पडलेल्या शरणागतावर विश्वास बसतो, हे त्यास ठाऊक होते. लाओकून नावाच्या पुरोहिताने सावध केले होते. परंतु त्याचे ऐकले गेले नाही. मग ट्रॉयच्या लोकांनी आपल्याच हातांनी दोर लावून घोडा आत ओढला.

हाच ओडिसियस आरंभी युद्धास जाण्याचे टाळीत होता, आणि त्यासाठी त्याने वेडाचे सोंग घेतले होते. नांगराला विजोड जनावरे जुंपून तो शेतात मीठ पेरीत होता, अशी एक कथा सांगतात. पालामिडीसने त्याचे तान्हे मूल नांगरापुढे ठेविले, तेव्हा ओडिसियसने नांगर वळविला आणि सोंग उघडे पडले. या मिठाची आठवण श्रोत्यांनी थोडा वेळ जपून ठेवावी.

अशा कथेसाठी समुद्रापलीकडेच जावयास हवे असे नाही. आपल्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी, पाथरी-गंगाखेडच्या वरच्या अंगास पैठण आहे. तेथील सातवाहनांच्या दरबारी गुणाढ्य होता आणि त्याने बृहत्कथा रचली, अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथ लोपला. त्याच्या आधाराने अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला. त्यात वत्स देशाचा राजा उदयन याची कथा आहे. उदयनाला वीणा वाजवून रानहत्ती वश करण्याचा भारी नाद. उज्जयिनीच्या राजाने एक कृत्रिम हत्ती करविला, त्याच्या पोटात योद्धे भरले आणि तो रानात ठेविला. उदयन वीणा घेऊन एकटाच पुढे गेला आणि पकडला गेला. ट्रॉयची कथा इकडे आली की येथील तिकडे गेली, या वादात आम्ही पडत नाही. आम्हांस त्यातील एवढेच महत्त्वाचे वाटते की, ज्या गोष्टीत उदयन सर्वांहून निष्णात होता, तीच त्याच्यापुढे पेरली गेली.

आता देवगिरी. राजा रामदेवराव यादव गादीवर होता. नेवाशास ज्ञानेश्वरी पुरी झाली १२९० साली, याच राजाच्या काळात. गंगाखेडची जनाबाई आणि नरसीचे नामदेव हे त्याच पिढीतले. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान झालेला नव्हता. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता व सासरा. प्रयागजवळच्या कड्याचा कारभार अल्लाउद्दीनकडे होता. चंदेरीवर जातो असे भासवून तो निघाला. त्याचा मुक्काम दिल्लीस कळू नये म्हणून कड्यास मागे राहिलेला अलाउल्मुल्क दिल्लीला गोड खलिते पाठवीत होता. हा अलाउल्मुल्क म्हणजे इतिहासकार बरनीचा चुलता. घरातल्याच माणसाचा त्या कारस्थानात हात असूनही बरनीने ही हकिकत लिहून ठेविली, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

एलिचपुरास आल्यावर अल्लाउद्दीनने दुसरी भूल घातली. चुलत्याशी बिनसले आहे, आता राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीस जातो, असे त्याने पसरविले. ओडिसियसचा सायनन तो हाच! धन्याशी भांडून निघालेल्या सरदाराची वाट कोणी कशास अडवील? लासूरच्या घाटात यादवांचा कान्हा नावाचा सरदार आडवा आला. त्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, असे इसामी लिहितो. त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत, याची आम्हांस खंत वाटते. त्या झुंजीने शत्रू थांबला नाही. देवगिरीचे मुख्य सैन्य रामदेवाच्या पुत्राबरोबर बाहेर होते. राजा गडावर गेला, आणि शत्रूने तिसरी आवई उठविली: आम्ही केवळ आघाडी आहोत, सुलतानाचे वीस हजार स्वार मागून येत आहेत.

राजाने तहाचे बोलणे लाविले आणि ते जुळलेही. इतक्यात पुत्र शंकरदेव सैन्यासह परतला. बापाने नको म्हणून निरोप धाडला, तरी तो लढाईस उभा राहिला, आणि लढाई त्याच्या बाजूने झुकू लागली. गडाच्या वेढ्यावर हजार स्वारांनिशी ठेवलेला नुस्रतखान हुकुमाची वाट न पाहता रणाकडे धावला. धुळीचा लोट उठला. यादवांच्या सैन्यास वाटले, दिल्लीचे वीस हजार आले! आणि फळी फुटली. चार दिवसांपूर्वी कानी पडलेल्या खोट्या बातमीने त्या धुळीस अर्थ दिला. नुसती धूळ सैनिकास पळवीत नाही.

तरीही गड उरला होता. आणि येथे मीठ येते. शहरात कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पडली होती. फिरिश्ता त्यांचा आकडा हजारांत देतो. घाईघाईत धान्य समजून ती गडावर चढविली गेली. पोती फोडली तेव्हा आत मीठ निघाले. रामदेवाने जबर खंडणी देऊन आणि एलिचपूरचा वसूल तोडून देऊन तह केला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना पुष्कळजण असे सांगतात की, पोत्यांची अदलाबदल शत्रूने वा कोणी फितुराने केली. आम्हांस ते मान्य नाही. फिरिश्ता, तोही प्रसंगानंतर तीनशे वर्षांनी लिहिणारा, तसे म्हणत नाही. कोणीही मीठ पेरले नव्हते. ते बाजारात उघड पडले होते. शत्रू एलिचपुरापर्यंत आला तरी बातमी नाही, सैन्य दूर, गडावर दाणा नाही, आणि पोते सोडून पाहण्यास कोणास सवड नाही. फितुराची कथा मनास बरी वाटते, कारण तिच्यात दोष एका माणसावर जातो. ट्रॉयच्या वंशजांनीही सायननला असेच मोठे केले.

दुसरी एक सवय आम्हांस खटकते. अल्लाउद्दीनने केले ते कपट, आणि १६६३ साली लाल महालात शाएस्तेखानावर पडलेला छापा किंवा १६६६ सालचे आग्र्याचे पेटारे ही मात्र युक्ती! आम्हीही तसेच बोलतो, आणि शिवाजी महाराजांविषयी बोलताना त्याचा अभिमानही बाळगतो. परंतु कौटिल्य कूटयुद्धाची चर्चा करतो तेव्हा डाव कोणाचा हे विचारीत नाही. १७२८ साली बाजीरावाने बुऱ्हाणपुराकडे जाण्याची हूल दिली, गुजरातेत उतरला, निजाम पुण्यात बसला असता माघारी वळला आणि पालखेडला त्याचे पाणी तोडले. वैजापूरजवळचे ते गाव देवगिरीपासून फार दूर नाही. तह झाला तो पैठणजवळ मुंगी-शेवगावास. निजामाच्या बखरनविसाने त्यास युक्ती म्हणावे अशी अपेक्षा आम्ही करीत नाही.

देवगिरीचे द्रव्य घेऊन अल्लाउद्दीन कड्यास परतला. आता चुलता रागावला असेल या भयाने तो विष जवळ बाळगून आहे, असे त्याच्या भावाने सुलतानास कळविले. वृद्ध जलालुद्दीन पुतण्याची समजूत घालण्यास थोडी माणसे घेऊन नावेतून निघाला. नावेत बरोबर असलेल्यांची हत्यारेही त्या भावाने उतरवून ठेवावयास लाविली. गंगेच्या काठी पुतण्या पायांवर पडला, म्हाताऱ्याने त्याचा गाल कुरवाळला, आणि तेथेच खूण झाली. तो १२९६ च्या जुलैचा महिना होता.