प्राध्यापक नागमणी आणि मातीचा गाडीवान

चित्रकथांकडे मराठी समीक्षेने पाहिले ते बहुधा बालवाङ्मयाचा एक गौण उपप्रकार म्हणून, नाही तर अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण म्हणून. परिणामी चित्रकथेतील एखाद्या पात्रास वाङ्मयीन वंशावळ असू शकते, आणि ती शोधताना आपल्याच परंपरेतील एखाद्या संहितेपाशी येऊन थांबावे लागते, ही शक्यता विचारात घेतली गेली नाही. प्रस्तुत लेखात अशा एका पात्राची पूर्वपीठिका तपासावयाची आहे. ते पात्र म्हणजे 'नागराज' या चित्रकथामालेतील खलशास्त्रज्ञ प्राध्यापक नागमणी.

नागराजचा पहिला अंक मी वाचला तो रेवसच्या धक्क्यावर. ओहोटीमुळे भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच अडली होती आणि शेजारी बसलेल्या एका शाळकरी मुलाच्या हाती कोपरे झिजलेली ती पुस्तिका होती. पुस्तिका हिंदी, दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 साली काढलेली. कथा परशुराम शर्मा यांची. चित्रे मात्र पुण्याच्या प्रताप मुळीक यांची होती. 'अमर चित्र कथे'तील पौराणिक व ऐतिहासिक पुस्तिकांमुळे मुळीकांची रेषा वाचकांच्या एका पिढीच्या डोळ्यांत मुरलेली होती. पुढे याच मालेसाठी मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांनीही चित्रे काढली. हिंदी लोकप्रिय साहित्यातील या महानायकाला आकार देणारे हात बरेचसे मराठी होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली गेली पाहिजे.

कथा थोडक्यात अशी. नागमणीने सर्पशक्तीने युक्त असा नागराज दहशतवाद्यांच्या कामी येणारे शस्त्र म्हणून सिद्ध केला आहे. पहिल्याच कामगिरीवर त्याला एका देवालयातील देवीची सुवर्णमूर्ती लुटण्यास पाठविले जाते. तेथे तीनशे वर्षे वयाचे बाबा गोरखनाथ त्याला सामोरे येतात. शिकांगी नावाच्या काळ्या मुंगसाच्या साहाय्याने ते त्याला नमवितात आणि त्याचे मन वाचतात. नागराजला ताब्यात ठेवण्यासाठी नागमणीने शस्त्रक्रिया करून त्याच्या मस्तकात एक कॅप्सूल बसविलेली आहे, हे त्यांना कळते. ते ती काढून टाकतात. मुक्त झालेला नागराज त्यांचे शिष्यत्व पत्करतो आणि गुन्हेगारी व दहशतवाद यांच्या निर्मूलनाची प्रतिज्ञा करतो.

या खलशास्त्रज्ञाचा उगम सांगणे वरवर सोपे आहे. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' 1818 मध्ये प्रसिद्ध झाली. 1938 मध्ये सुपरमॅन अवतरला, पुढच्याच वर्षी त्याच्यासमोर अल्ट्रा-ह्युमॅनाइट हा दुष्ट शास्त्रज्ञ उभा राहिला, आणि 1940 मध्ये लेक्स लूथर आला. नागमणी हा या घराण्याचा भारतीय वारस, असे म्हणून विषय संपविता येईल. तथापि या उपपत्तीत गोरखनाथांचे काय करावयाचे? ते केवळ देशी रंग भरण्यासाठी आणलेले साधू आहेत, असे मानले तर कथेचा गाभाच निसटतो.

मराठी वाचकाला गोरखनाथ भेटतो तो मुख्यतः धुंडिसुत मालू नरहरीच्या 'नवनाथ भक्तिसार' या ओवीबद्ध ग्रंथातून. ग्रंथाची समाप्ती शके 1741ची, म्हणजे 1819 सालची. शेलीच्या कादंबरीनंतर अवघ्या एका वर्षाने, तिचा वाराही न लागता, मालू कृत्रिम जीवनिर्मितीची कथा सांगतो. गोरख संजीवनी मंत्र पाठ करीत बसला आहे. खेळणारी मुले त्याच्याकडे चिखलाची गाडी मागतात, मग गाडीवर बसवायला गाडीवान मागतात. मंत्र ओठांवर असतानाच त्याची बोटे मातीचा पुतळा घडवितात आणि पुतळा जिवंत होऊन रडू लागतो. मुले भूत भूत म्हणून पळतात. तोच गहिनीनाथ, निवृत्तिनाथांचा आणि म्हणून ज्ञानेश्वरांच्या परंपरेचा गुरू. स्वतः गोरखही गर्भातून आलेला नाही. उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून तो बारा वर्षांनी प्रकट झाला.

दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे भेद स्पष्ट होतो. फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि घाबरून पळतो. अनर्थ होतो तो त्या त्यागातून. मालूकडे घाबरतात ती मुले. मच्छिंद्र व गोरख त्या बालकाला उचलतात, एका ब्राह्मण दाम्पत्याच्या ओटीत घालतात आणि पुढे त्याला अनुग्रह देतात. अयोनिज निर्मिती हे नाथकथेत पाप नाही. निर्माण केलेल्या जिवाचे पुढे काय केले, हा तेथे प्रश्न आहे. आता नागमणीकडे वळावे. तो नागराजला टाकूनही देत नाही आणि वाढवूनही मोकळा करीत नाही. तो त्याला बाजारात मांडतो. गहिनीला मिळाला मंत्र, नागराजला कॅप्सूल. नागमणीचे खलत्व शास्त्रज्ञ असण्यात नसून विक्रेता असण्यात आहे, हे माझे या लेखातील मुख्य प्रतिपादन.

ते केवळ 'नागराज'पुरते खरे नाही, असे सुचविणारा एक योगायोग आहे. त्याच 1986 साली अमेरिकेत जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडली आणि लूथरला प्रयोगशाळेतून काढून उद्योगसम्राट केले. भोपाळची वायुदुर्घटना डिसेंबर 1984ची. तेव्हा कोणा एका विक्षिप्त संशोधकाकडे कोणी बोट दाखविले नाही. बोट होते कंपनीकडे. रेवसहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या थळ येथे 1985च्या सुमारास प्रचंड खतकारखाना सुरू झाला. त्या किनाऱ्यावरच्या मुलांना रसायनशास्त्र प्रथम दिसले ते अमोनिया, युरिया, जमीन आणि नोकरी या शब्दांतून. अशा वाचकाला आपल्या निर्मितीचा बाजार मांडणारा प्राध्यापक समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिष्ठित मराठी विज्ञानकथेत मात्र हा माणूस फारसा रुजला नाही. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि या प्रवाहास बळ आले. विज्ञानप्रसार हे उद्दिष्ट असलेल्या साहित्यात शास्त्रज्ञ हा शिक्षकाच्या जागी असतो. त्याला खल करणे म्हणजे आपल्याच हेतूवर घाव घालणे. हे समजण्याजोगे आहे. पण त्यामुळे विज्ञानाच्या मालकीविषयीची शंका त्या दालनात पुरेशी बोलली गेली नाही आणि भाड्याने मिळणाऱ्या पुस्तिकांच्या वाट्याला आली. तेथे ती ढोबळपणे, मुंगूस-सापाच्या झुंजीसह बोलली गेली, एवढेच.

'नागराज'च्या कर्त्यांना तरी आपल्या हाती काय लागले आहे याचे भान होते काय? पुढील अंक पाहता शंका येते. नागराज हा वस्तुतः तक्षकराज राजा व राणी ललिता यांचा पुत्र, अशी जन्मकथा नंतर रचली गेली. म्हणजे नागमणी निर्माता उरला नाही. दुसऱ्याचे मूल हाती लागलेला माणूस ठरला. कर्णाला सूर्यपुत्र ठरविणारी आपली जुनी सवयच ही. माझ्या मते कथेचे याने नुकसान झाले, कारण घडविलेला जीव घडविणाऱ्याला नाकारतो यातला ताण राजवंशाच्या सोयीने विरून गेला.

यावर आक्षेप घेता येईल की मालूनेही तेच केले आहे. त्याच्या गहिनीत करभाजन नारायण संचारतो, म्हणजे चिखलालाही वंश मिळतोच. आक्षेप रास्त आहे. मात्र मालू गोरखाच्या बोटांचे श्रेय काढून घेत नाही. नारायण येतो तो त्या पुतळ्यात, गोरखाने खेळाखेळात घडविलेल्या, गाडीशिवाय राहिलेल्या त्या गाडीवानात.